पीचच्या बुडात मीठ

॥ श्री ॥
सडेवाडी, ता. देवगड
३० ऑक्टोबर २०२५

प्रिय नूरबानो,

सहा वेळा फोन केला. सहाही वेळा वाजून वाजून बंद पडला. सातव्यांदा करायला मी काही विमा कंपनीची बाई नव्हे! म्हणून पोस्टमन निलेशकडून मुझफ्फरचा रत्नागिरीचा पत्ता घेतला आणि लिहायला बसले. चौतीस वर्षं शाळेत मुलांना पत्रलेखन शिकवलं, पण स्वतः पत्र लिहून बारा वर्षं तरी झाली असतील. अक्षराला हसू नकोस.

आधी तुझ्या घराचं सांगते. घर ठीक आहे. पावसात मागच्या पडवीची चार कौलं सरकली होती, ती बसवून घेतली. विहिरीवरचा पंप दर आठवड्याला पाच मिनिटं चालवते, नाहीतर गंजायचा. माझ्या परसात चिकू बरा आहे, पपनसाला मोजून तीन फळं आहेत, जामाने यंदा दगा दिला. तुझा पेरू मात्र असा लागलाय की फांद्या जमिनीला टेकल्यात. रात्री वाघळं येऊन निम्मे कुरतडून टाकतात आणि सकाळी काशीबाई झाडू घेऊन माझ्यापुढे उभी, "बाईनू, ह्या पापाक मी काय करू?" तुला न विचारता एकही तोडलेला नाही. तोडू का? जेली करीन म्हणते.

आता दुसरं. मेच्या शेवटी घराला कुलूप लावून तू निघून गेलीस. छत्तीस वर्षांचा शेजार आपला, आणि जाताना एका शब्दाने बोलली नाहीस. लोक मला विचारतात. मी सांगते, मुलाकडे गेलीय, सुनेचं बाळंतपण आहे. नाझमीनचं तसं काही आहे की नाही देव जाणे, पण काहीतरी सांगावं लागतं ना!

नूर, मोकळेपणाने लिहिते. माझ्या मनात आता काही राहिलेलं नाही. पीचचं झाड गेलं ते गेलं. आमच्या निहारने ते पार हिमाचलातल्या सोलनहून, तो काम करतो त्या नर्सरीतून, ओल्या गोणपाटात गुंडाळून रेल्वेने आणलं होतं. इथे समुद्राच्या हवेत ते जगणार नाही म्हणून गावाने मला वेड्यात काढलं होतं. ते जगलं, तिसऱ्या वर्षी फुललं, चौदा फळं धरली, आणि एप्रिलमध्ये तुझी चांदी आत शिरून... जाऊ दे. बकरी ती बकरी, तिला काय कळतंय पीच कुठला आणि भेंडी कुठली! मी रागात ग्रामपंचायतीत तक्रारीचा अर्ज दिला. एक मेच्या ग्रामसभेत एखाद-दुसरा शब्द जास्तही गेला असेल. रागात माणूस बोलतं. पण मी तुला माफ केलेलं आहे, अगदी मनापासून. तूही आता ताणून धरू नकोस. परत ये. तू गेल्यापासून परसदारी उभं राहून दोन शब्द बोलायला कोणी नाही.

तुझी,
कावेरी


७८६
रत्नागिरी
१४ नोव्हेंबर २०२५

कावेरीबाईंना सलाम.

पत्र मिळालं. नाझमीनने विचारलं, कोणाचं? मी सांगितलं, आमच्या गावच्या शाळेच्या बाईंचं. पेरू खुशाल तोडा. काशीबाईला पण द्या, तिच्या नातवंडांना आवडतात. कौलं बसवलीत, मोठं काम झालं.

फोन उचलत नाही कारण तुमचा आवाज ऐकला की माका रडू येणार, आणि ह्या फ्लॅटमध्ये रडायला जागा नाही. एक हॉल, दोन खोल्या, जिथे जावं तिथे कोणतरी असतं. बाळंतपण वगैरे काही नाही. लोकांना खोटं सांगू नका.

तुम्ही माफ केलं म्हणून लिहिलंत. ती माफी मला घेता येत नाही. कारण माफी आली ती चांदीच्या नावाने, आणि चांदीने काही केलेलं नाही. आता खरं सांगते. पोटात ठेवून ठेवून मी आजारी पडेन.

फेब्रुवारीत तुम्ही डोळ्याच्या ऑपरेशनला कोल्हापूरला बहिणीकडे गेलात, तेव्हा पीचला पाणी घालायला मला सांगितलं होतं. रोज घातलं. एक दिवस चुकले नाही. फुलं गळून फळं धरली, वाटाण्याएवढी, वर बारीक लव. मी रोज मोजायची. मला इतकी खुशी झाली की काय करू नि काय नको असं झालं. आपण माडाच्या बुडात मीठ घालतो ना, नारळ चांगला धरतो म्हणून? मला वाटलं, हे बिचारं थंडीच्या मुलखातलं, परक्या मातीत आलंय, ह्याका पण कायतरी ताकद देऊया. दोन ओंजळी खडेमीठ बुडात घातलं, वर चुलीतली राख, वर पाणी. तुम्हाला सांगितलं नाही. फळं मोठी झाली की सांगणार होते, माझ्या मिठाची करामत बघा म्हणून.

तुम्ही आलात आणि पंधरा दिवसांत पानांच्या कडा जळायला लागल्या. फळं सुकून काळी पडली. मी रोज बघायची आणि गप्प बसायची. चांदी आत शिरली ती गळलेली पानं खायला शिरली. झाड तेव्हा जळूनच गेलेलं होतं, बाई.

ग्रामसभेत मला उभं केलं तेव्हा मी सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण तुम्ही जे बोललात ते ऐकून माझी वाचाच बसली. मग वाटलं, बकरीचं नाव झालंय तर होऊ दे, बकरीला काय लाज!

चांदीला खारेपाटणला नणंदेकडे दिली. तिने काही न करता तिचं घर सुटलं, ते माझ्यामुळे. तुमच्या झिलाने, निहारने, एवढ्या लांबून आणलेलं झाड मी मारलं. तुमच्यासमोर यायला मला तोंड राहिलेलं नाही, म्हणून मी गाव सोडलं. आता तुम्हाला कळलं.

नूरबानो


॥ श्री ॥
सडेवाडी
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय नूर,

तुझं पत्र दोनदा वाचलं. असं होय! मीठ!

अगं वेडे, तू काय मुद्दाम केलंस? प्रेमानेच केलंस ना? पीच म्हणजे माड नव्हे, एवढंच तुझ्या लक्षात आलं नाही. निहार सांगत होता, पीचच्या मुळांना खार मुळीच सोसत नाही. नवीन झाडाची माहिती नसली की असं व्हायचंच. मी तुला काही म्हणत नाही, आणि मी हे कोणाला सांगणारही नाही. आपल्या दोघींत राहू दे. गावात बकरीचं नाव झालंय, ते तसंच विसरून जातील लोक.

आणि हे 'कावेरीबाई', 'तुम्ही' काय काढलंस? मी तुझी हेडमास्तरीण आहे की काय?

पेरूची जेली चांगली जमली. रंगही छान आलाय. दोन बाटल्या पार्सलने पाठवते, झाकण घट्ट आहे, मुझफ्फरला उघडायला सांग. इथे थंडी अजून नाही, पहाटे थोडं दव पडतं. आंब्याला मोहोर कधी येतो त्याची सगळे वाट बघतायत.

मन हलकं कर आणि ये.

तुझी,
कावेरी


७८६
रत्नागिरी
८ जानेवारी २०२६

माझी कावेरी,

तुझं पत्र आलं आणि त्या दिवशी मी किती महिन्यांनी झोपले, विचारू नको. जेली इतकी चांगली झालीय की एक बाटली आठवड्यात संपली. मी नाझमीनला सांगते, बघ, आमच्या बाईचं मन केवढं आहे! दुसरी कोणी असती तर झिंज्या धरल्या असत्या.

आता तू रागावशील असं एक केलंय. तू लिहिलंस, आपल्या दोघींत राहू दे. मी दीड महिना विचार केला. माझी चूक तू तुझ्या पोटात ठेवणार, गावात रोज माझ्यासाठी गप्प राहणार, ते माका बरा वाटना नाय. मुझफ्फरला पण सगळं सांगितलं. तो म्हणतो, अम्मी, तुम्ही कशाला बोलता, ते घर विका आणि इथे राहा. त्याला काय माहीत! मला माझ्या घरी यायचंय, कावेरी. इथे गॅलरीत चार कुंड्या आहेत, त्यांत मिरची लावलीय. सकाळी पाच मिनिटांत सगळ्या बागेला पाणी घालून होतं आणि मग दिवसभर मी भिंतीकडे बघत बसते.

पण चोरासारखी येणार नाही. म्हणून ग्रामसभेला अर्ज लिहिलाय, तो सोबत पाठवते. त्यात साफ लिहिलंय की कावेरीबाईंच्या परसातलं पीचचं झाड बकरीने खाल्लेलं नसून मी मीठ घातल्यामुळे मेलं, चूक माझी आहे, बाईंची आणि गावाची मी माफी मागते. सव्वीस जानेवारीच्या सभेत तो वाचून दाखवावा. एकदा सगळ्यांसमोर झालं की मान खाली घालून का होईना, मला माझ्या दारात येता येईल.

मी सातवी शिकलेली, तू बाई. वाचून बघ, काही राहिलं असेल तर नीट कर आणि तूच ग्रामसेवकाकडे दे. तुझ्या हातून गेलेलं बरं.

आणि निहारला विचार, दुसरं रोप आणशील काय रे? ह्या वेळी मी त्याच्या दहा हात लांबून जाईन. लांबूनच सलाम करीन त्याला.

तुझी,
नूर


सडेवाडी
२७ जानेवारी २०२६

नूर,

वर श्री लिहायला हात झाला नाही.

हे पत्र पूर्ण वाच. मधेच फाडावंसं वाटेल, तरी वाच.

पीच मी मारलं. तू नव्हे, मी.

कोल्हापूरहून मी चौदा मार्चला आले. डोळ्यावर काळा चष्मा, तरी पहिली परसात धावले. चौदा फळं! त्याच दिवशी काशीबाईला मिठबावच्या बाजारात पाठवून खडेमिठाचं दहा किलोचं पोतं आणवलं. ती ते डोक्यावर घेऊन आली आणि म्हणाली, "बाईनू, एवढी लोणची कोणाक घालतास?" मी म्हटलं, माडाला घालते. माडाला नाही घातलं गो. दर सोमवारी पीचच्या बुडात चार-चार ओंजळी, वर शेणखत, वर पाणी. मला तरी दुसरं काय ठाऊक होतं? आमच्या घरात फळ धरलेल्या झाडाला मीठच घालत आले. चौथ्या सोमवारी पोतं झटकून शेवटचं मीठही त्याच्याच बुडात घातलं. तुझ्या दोन ओंजळी त्यात कुठच्या कुठे गेल्या असतील. मी मीठ घातलं नसतं तर ते झाड आज उभं असतं, असं निहारचं म्हणणं आहे. काल रात्री त्याला फोन करून सगळं सांगितलं तेव्हा म्हणाला.

इथवर अडाणीपणा झाला. लाजेचं पुढे आहे.

हे मला तुझ्या पत्राने कळलं नाही. आधीच कळलं होतं. गणपतीला निहार घरी आला होता. त्याने तो वाळलेला बुंधा बघितला, माती उकरून चिमूटभर जिभेवर ठेवली, थुंकली, आणि मला विचारलं, "आई, मीठ नाही ना घातलंस?" मी म्हटलं, "छे रे! मी कशाला घालू? नूरबानोच्या बकरीने खाल्लं." त्याने माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला गेला. पुढे एक अक्षर विचारलं नाही. साठी उलटलेल्या आईला मुलाने अजून किती विचारायचं!

म्हणजे ऑक्टोबरात मी तुला 'माफ केलं, अगदी मनापासून' असं लिहिलं ते हे सगळं माहीत असताना लिहिलं. तू माफी घेतलीस की दोष बकरीवर कायमचा बसेल आणि मी सुटेन, एवढाच त्यात डाव होता.

आणि मग तुझं पत्र आलं. तू आपणहून मीठ अंगावर घेतलंस. ते वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद झाला. हुश्श झालं गो! लाज नंतर आली, संध्याकाळी, तुझ्याच पेरूची जेली ढवळताना. आणि लाज आल्यावरही मी काय लिहिलं? 'मी तुला काही म्हणत नाही.' मोठ्या मनाची कावेरीबाई!

तुझा अर्ज दहा दिवस माझ्या टेबलावर होता. फाडला तर तू विचारणार. दिला तर मी जन्माची मोकळी. एका शब्दाचा काना राहिला होता तो मी दिला आणि अर्ज ग्रामसेवकाला नेऊन दिला. होय, दिला. तुझ्या हाताने तुला फाशी देवविली.

काल झेंडावंदनानंतर सभा झाली. साठेक माणसं असतील. मी पहिल्या ओळीत, खुर्चीवर. ग्रामसेवकाने तुझा अर्ज वाचला, शेवटच्या 'माफी मागते'पर्यंत. मी पायाकडे बघत बसले होते. वाचून झालं आणि मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, बाई तेवा बरोबर बोललेली. ह्यांका दुसऱ्याच्या दारातला बरा बघवक नाय."

माझे शब्द, नूर. जसेच्या तसे. एक मेला मी हेच बोलले होते. तेव्हा कोणीतरी हसून विचारलं होतं, "ह्यांका म्हणजे कोणाका गो बाई?" आणि मी म्हटलं होतं, "सगळ्यांका ठावक आसा." लोक हसले होते आणि मला बरं वाटलं होतं. तू समोर उभी होतीस. 'एखाद-दुसरा शब्द' म्हणून मी तुला लिहिला तो हा शब्द. निहारला कावीळ झाली तेव्हा दीड महिना पेज तुझ्या चुलीवरून येत होती. निहारच्या बाबांना रात्री दवाखान्यात न्यायला गाडी हवी होती तेव्हा तुझ्या यजमानांनी, कमरुद्दीनभाईंनी, टेम्पो काढला होता. आणि मी एका झाडापायी तुला 'ह्यांका' म्हटलं.

काशीबाई माझ्या पायाशी जमिनीवर बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाईनू, तुमी उठतास काय मी उठू?"

उठले. आपणहून उठले असं लिहिता आलं असतं, पण आता खोटं पुरे.

सगळं सांगितलं. पोतं, सोमवार, निहारचा प्रश्न, तुला धाडलेली माफी. बोलता बोलता माझी शाळेची भाषा कुठे गेली कोण जाणे. "झाड मी मारलंय. आणि मी जा बोललंय ता त्याच्याहून वायट. नूरबानोक बोललंय, तिच्या सगळ्या माणसांका लावून बोललंय. माका लाज वाटता." असं म्हणाले. 'ह्यांका' म्हणजे कोण ते आता मीच नाव घेऊन सांगितलं. कोणी हसलं नाही.

मला वाटलं होतं लोक मला फैलावर घेतील. अगं, कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही! सरपंच म्हणाले, "जाव दे बाई, झाडच ता. बसा, चाय घेवा." तुला पाऊण तास उभं ठेवलं होतं, कोणी खुर्ची दिली नव्हती. मला चहा! तो कप हातात धरून वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. चहा टाकून उठले असं लिहायचं होतं. पण प्याले. तेही सांगते.

एवढं मात्र अडून बसून करून घेतलं की माझी तक्रार मागे घेतल्याची आणि मी काय बोलले त्याची नोंद इतिवृत्तात झाली. नक्कल सोबत आहे. तुझा अर्ज मी परत मागून घेतला, तोही पाठवते.

'परत ये' असं मी आता म्हणत नाही. 'माफ कर' असंही लिहिणार होते, पण तो शब्द मी ऑक्टोबरात असा वापरलाय की आता माझ्या लेखणीतून तो खरा वाटायचा नाही.

कावेरी


७८६
रत्नागिरी
१२ फेब्रुवारी २०२६

कावेरी,

पत्र फाडावंसं वाटलं, तू लिहिलंस तसंच. फाडलं नाही. मुझफ्फरने वाचायला मागितलं, दिलं नाही. त्याने वाचलं असतं तर उद्याच घराला गिऱ्हाईक आणलं असतं.

मिठाचं मी मनावर घेतलेलं नाही. दोघींनी घातलं, दोघी खुळ्या. खरं सांगू तर मला हसू पण आलं. त्या झाडाला वाटलं असेल, ह्या बायका मला मासळीसारखं खारवून ठेवतायत. खूप हसले मी एकटीच. हसून झाल्यावर राग आला आणि तो अजून उतरला नाही.

एप्रिलपासून मी नमाजात रडत होते, की कोणाच्या तरी लेकाने जीव लावून आणलेलं झाड मी मारलं. आणि तू जेली ढवळत होतीस. ती जेली मी बोटाने चाटून पुसून खाल्ली गो! सुनेला तुझं मोठं मन सांगत होते. आता नाझमीन विचारते, बाईंचं पत्र आलं ना, काय लिहिलंय? तिला काय सांगू? मला तुझी लाज वाटते, आणि तुझ्यासाठी लाज वाटते. दोन्ही.

आणि ते 'ह्यांका'. एक मेला सभेतून घरी गेले, दार लावून घेतलं आणि बसले. मला कळेना, ह्यांका म्हणजे कोण? छत्तीस वर्षं मी नूर होते, मग सभेतल्या त्या एका मिनिटात 'ह्या' कधी झाले? रागात बोललीस म्हणतेस. राग मला पण येतो. मी कमरुद्दीनना रागात काय काय बोललेय ते भिंतींना विचार. पण रागात बाहेरचं काही तोंडात येत नाही, आत असतं तेच येतं. तुझ्या आत ते होतं आणि मी रोज तुझ्याशी बोलत असून मला दिसलं नाही. आता मागचं सगळं आठवत बसते, कधी कुठल्या दिवशी तुझ्या मनात ते आलं असेल आणि तू हसून लपवलं असशील. हे तू माझं नुकसान केलंस, कावेरी. झाडाचं नुकसान काय, झाडं येतात.

तू सभेत उठलीस. काशीबाईने ढोसलं म्हणून उठलीस, तरी उठलीस. ते मी धरते. मी पण एक मेला तोंड उघडलं नव्हतं, तेव्हा मी तुला फार काही म्हणू शकत नाही. पण तू साठ माणसांना तोंडाने सांगितलंस आणि मला कागदावर लिहिलंस. तुझी नक्कल मिळाली, शिक्का आहे, सही आहे. मी ती घेऊन काय करू? घरात लावू?

आता ऐक. ईद झाली की शनिवारी, अठ्ठावीस मार्चला, सकाळच्या एसटीने मी येते. घर विकायला नाही. माझं घर आहे, मी तिथे राहणार. त्यासाठी मला गावाला अर्ज द्यायला नको आणि तुझी माफी पण नको, हे मला आता कळलंय. सामान लागलं की काशीबाईकडून निरोप धाडीन. मग तू ये. परसातून नको, पुढच्या दाराने ये, दिवसाढवळ्या, लोक रस्त्याने जात असताना. आत ये म्हणेन की नाही ते आज सांगता येत नाही. दारात उभी राहा आणि जे कागदावर लिहिलंस ते माझ्या तोंडाकडे बघून बोल. पहिल्यापासून. पोतं, गणपती, माफी, जेली, अर्ज, सगळं. आणि 'ह्यांका' म्हणशील तेव्हा खाली बघू नको.

माका रडू आला तर थांबू नको. तुका आला तरी थांबू नको.

नूरबानो